उन्हातले सेल

आमच्या गच्चीवरून माकडांनी खारोड्या पळवल्या, वाऱ्याने चादरी पळवल्या, पण उन्हात ठेवलेले सेल पळवणारा इसम मी एकच पाहिला. आमचे शेजारी देवरावकाका.

उन्हाळ्याचे दिवस होते. आईने सकाळीच गच्चीवर बाजरीच्या खारोड्या वाळत घातल्या होत्या, आणि त्यांच्या कडेला, त्याच जुन्या साडीच्या काठावर, टॉर्चमधले दोन मोठे सेल उन्हाला ठेवले होते. सेल मंद झाले की उन्हात तापवायचे आणि आणखी दोन दिवस ओढायचे, हे शास्त्र वऱ्हाडात कुणाला शिकवावं लागत नाही. आई काठी घेऊन खारोड्यांच्या राखणीला बसली आणि बसल्या जागीच तिला डुलकी लागली. डोळा उघडला तर समोर पांढरा सदरा, त्याचा काळाकुट्ट खिसा, आणि खारोड्यांवर वाकलेला माणूस.

"माय वं! चोर!" आई ओरडली.

मी धावत वर गेलो. देवरावकाका दोन्ही मुठींत एकेक सेल आवळून उभे होते आणि वर आईलाच रागावत होते.

"वैनी, हे काय करून राहिल्या तुमी?"

"मी काय करून राहिली? तुमी काय करून राहिले?"

"सेल उन्हात ठेवाचा नसते. कवाच नसते. मेला तं मेला म्हनाचा आन फेकाचा. फेकाचा नाही, मले द्याचा."

असं म्हणून त्यांनी पिशवीतून दोन कोरे सेल काढले, जुने होते त्याच जागी नीट ठेवले आणि जिना उतरून गेले. आई त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. "येडा झाला का हा मानूस? जुनं घेऊन नवं देते!" गल्लीतल्या इतर मंडळींचाही निकाल साधारण हाच होता.

काका मूळचे नांदगाव पेठच्या पलीकडल्या एका गावचे. घरची माळ्याची शेती. शेवंती, झेंडू, मधल्या दिवसांत वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. काकू गेल्या तेव्हा त्यांनी मळा पुतण्याला अर्ध्या वाट्याच्या बटईने दिला आणि अमरावतीत आमच्या भिंतीला भिंत लागून दोन खोल्या घेऊन राहू लागले. काकूंना पान लागलं होतं. आमच्याकडे सापाचं नाव तोंडावर आणत नाहीत, पान लागलं एवढंच म्हणतात, आणि ऐकणारा पुढे काही विचारत नाही. आम्हीही विचारलं नाही. एकुलती एक मुलगी वर्षा अकोल्यात दिलेली, जावई तिथल्या एका दालमिलमध्ये कामाला.

तर एवढा सरळ साधा माणूस. माळी माणूस म्हातारपणी शहरात आला तर कुंड्या लावतो, देवळात हार करायला बसतो. काका मेलेले सेल गोळा करायला लागले. सेलच्या मधोमध एक काळी कांडी असते, कार्बनची. ती त्यांना हवी असे. घड्याळातल्या सेलची कांडी काडीएवढी बारीक, तिला ते नाक मुरडत. टॉर्चच्या मोठ्या सेलची कांडी करंगळीएवढी जाड, तिच्यासाठी ते गावंच्या गावं पालथी घालत.

कांडी काढण्याचा सोहळा मी पुष्कळदा पाहिला आहे. ओट्यावर वर्तमानपत्र पसरायचं. पक्कडीने सेलचं वरचं टोपण उचकायचं, जस्ताचा पत्रा कापायचा, आतली काळी भुकटी ओली-ओली बाहेर पडते ती खरवडायची, आणि मग कांडी धरून हळूहळू फिरवायची. इथे काकांचा मंत्र ठरलेला होता. "ओढू नोको, फिरव. ओढलं का तुटली." मी एकदा हौसेने हात लावला आणि ओढली. तुटली. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अंगणातलं तुळशीचं रोप उपटलं होतं.

नंतर ती कांडी पातेल्यात उकळायची. मग चिमट्यात धरून गॅसवर तापवायची, तिच्यात मुरलेलं मेण धूर होऊन निघून जाईपर्यंत. मग बारीक पॉलिशपेपरने हलक्या हाताने पुसायची, डोक्यावरची पितळी टोपी चकचकीत करायची, कारण वायर तिथे लागते. एवढं झालं की काका ती उजेडात धरत आणि म्हणत, "मेलेला होता, पन आतून कामाचा होता."

कांड्या उकळायचं पातेलं आणि चहाचं पातेलं यांच्यात त्यांनी फरक ठेवला होता. एकाला कान होता, एकाचा तुटला होता. कोणतं कशाचं हे ते स्वतःही अधूनमधून विसरत. एकदा चहात काळं काही तरंगताना दिसलं म्हणून मी कप खाली ठेवला. "पेऊन घे रे," काका म्हणाले, "कार्बन हाय. कार्बनसारखी इमानदार वस्तू दुनियेत नाही." मी तो चहा त्यांची पाठ वळल्यावर मोरीत ओतला.

इमानदारीचं हे प्रकरण काय होतं ते सांगतो, कारण काकांचा सगळा संसार आता त्यावरच उभा होता. त्यांनी मोबाईलवर कुठले कुठले व्हिडिओ पाहून लोखंडाचा गंज काढायची विद्या मिळवली होती. प्लास्टिकच्या बादलीत पाणी आणि धुण्याचा सोडा. बॅटरी चार्ज करायचा एक जुना चार्जर. गंजलेल्या विळ्याला काळी वायर, कांड्यांना लाल वायर. बटण दाबलं की विळ्याभोवती बारीक बुडबुडे सुटत, पाण्यावर तपकिरी फेस जमे, आणि संध्याकाळपर्यंत गंज सुटून विळा राखाडी, उघडा, नुकताच लोहाराकडून आल्यासारखा निघे. सुरुवातीला काकांनी कांडीच्या जागी स्टीलचा चमचा लावून पाहिला होता. पाणी पिवळं झालं. ते पिवळं म्हणजे विष, असं व्हिडिओतला माणूस म्हणाला. तेव्हापासून स्टील त्यांच्या लेखी कायमचं बेइमान झालं. "कांडी झिजते, भुगा होते, पन पान्यात जहर सोडत नाही." महागाच्या सेलांवरही त्यांचा राग होता. त्यांच्यात कांडीच नसते. "नुसता भपका! आत पाह्यलं तं काईच नाही."

विद्या नवी होती तेव्हा एक घोटाळा झाला. घरातला सोडा संपला होता, दुकान बंद होतं, म्हणून काकांनी बादलीत मीठ टाकलं. थोड्या वेळाने त्यांच्या खिडकीतून पोहण्याच्या तलावासारखा उग्र वास यायला लागला आणि गल्ली खोकू लागली. काका डोळे चोळत रस्त्यावर आले आणि हात वर करून ओरडले, "पळा! माह्याच्यानं चुकलं!" आईला वाटलं सिलिंडर फुटणार. ती देव्हाऱ्यातला बाळकृष्ण तेवढा कनवटीला लावून पळाली, मला हाक मारायचं विसरली. हे मी तिला अजून ऐकवतो.

आईचा अडकित्ता मात्र त्यांनी फार सुंदर करून दिला. तिच्या माहेरचा होता, गंजून त्याचं तोंड मिटलं होतं. काकांनी तो दोन दिवस बादलीत ठेवला, घासला, तेल लावलं. आईने हातात घेतला, उघडला, मिटला आणि म्हणाली, "चांगला झाला, पन माह्या मायच्या हातातला वाटत नाही आता." आई भाबडेपणाने आणखी विचारून बसली, की आमचा कूलरही गंजलाय, तो बुडवता येईल का. काकांनी गंभीर चेहऱ्याने कूलर टेपने मोजला आणि एवढ्या मापाची टाकी कुठे मिळेल याची पुढचे कित्येक दिवस चौकशी केली.

काम करायचे ते फुकट. त्यांचा भाव एकच, "मेलेले सेल द्या, इळा उजळून न्या." दर महिन्याला ते कोऱ्या सेलांची पिशवी घेऊन एसटीने नांदगाव पेठेकडच्या फुलांच्या मळ्यांत जात. तिथे अजून टॉर्च वापरतात. पहाटे अंधारात फुलं तोडायला निघावं लागतं, तेव्हा कुठे ती वेळेवर बाजारात पोचतात. मी एकदा म्हटलं, "काका, आता मोबाईलात टॉर्च असतो." तर म्हणाले, "वल्ल्या हातानं मोबाईल कोन धरते? फुलं तोडणाऱ्या बाईचे दोन्ही हात वल्ले असतात." मला वाटलं, जुना माणूस, मोबाईलवर राग असेल.

टॉर्च दिसला की त्यांचा हात थांबत नसे. गल्लीत एका घरी तेरवी, तेराव्याचं जेवण होतं. पंगतीत बसल्या बसल्या काकांनी घरधन्याला विचारलं, "टॉर्च हाय का जी घरात?" त्या बिचाऱ्याला वाटलं पाहुण्याचं काही हरवलं. त्याने टॉर्च आणून दिला. दिवसाढवळ्या टॉर्चचा उजेड दिसत नाही, म्हणून काका त्याची काच तळहाताला घट्ट लावत आणि बटण दाबत. बोटांच्या फटी लालबुंद दिसल्या तर मान हलवून परत देत. त्या दिवशी फटी जेमतेम तांबूस दिसल्या. काकांनी तिथल्या तिथे, उष्टा हात वर धरून, डाव्या हाताने सेल बदलले. लोक हसत होते. जुने सेल सदऱ्याच्या खिशात गेले. त्या खिशात आधीच दोन कांड्या असत, कायमच्या. धुतलेला सदरा घातला तरी आंघोळीनंतर पहिलं काम म्हणजे त्या दोन कांड्या खिशात टाकणं. म्हणून खिसा कधी पांढरा झालाच नाही. आई म्हणे, "बायको नाही नं घरात, कोन पाह्यते खिशाकडे."

लोकांनी त्यांच्याबद्दल काय काय उठवलं! कांडीत चांदी असते आणि काका ती नागपूरला नेऊन विकतात. काका बॉम्ब करतात. काका मंत्र-तंत्र करतात. मी यातल्या एकाही गोष्टीचं खंडन केलं नाही, कारण आमच्या गल्लीत करमणुकीला दुसरं होतं तरी काय?

पण गेल्या हिवाळ्यात करमणूक संपली. काकांचा खोकला जाईना. ती काळी पूड, तो मेणाचा धूर, आणि जेवणाच्या नावाने दोन भाकरी सकाळी थापून संध्याकाळपर्यंत पुरवायच्या. एक दिवस मोरीत चक्कर येऊन पडले. आईने भांड्याचा आवाज ऐकला म्हणून बरं. डॉक्टर म्हणाले, यांना एकटं ठेवू नका. तेव्हापासून वर्षाचा मला दर रविवारी फोन येऊ लागला.

"दादा, बाबाले समजवा नं. इथं खोली हाय, सारं हाय. त्याईले काय कमी पडन? पन ते येतच नाहीत. आले तं दारातून पानी पेतात आन त्याच गाडीनं वापस जातात. आई गेल्यापासून माह्या घरी एक घास खाल्ला नाही बाबानं. माह्यं काय चुकलं थे तरी सांगा म्हना."

शेवटचं वाक्य बोलताना ती रडायची. मी काकांना गोडीत सांगितलं, रागावून सांगितलं, डॉक्टरांचा धाक घातला. आईने तर एकदा त्यांची बादलीच लपवली. काकांचं उत्तर एकच, "तिकडे सेल भेटत नाहीत." खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं तरी हेच. मला त्यांचा खरोखर संताप यायचा. बापाने पोरीच्या घरचं खाऊ नये असल्या जुन्या समजुतीपायी हा माणूस त्या मोरीत मरणार, आणि जन्मभर त्या पोरीला वाटत राहणार की तिचंच काही चुकलं.

शेवटी मी आणि वर्षाने मिळून एक लबाडी केली. तिने शेजारपाजारचे मेलेले सेल पिशवीभर जमवले. मी काकांना सांगितलं, अकोल्याला पोरीकडे मोठ्या सेलांची पिशवी भरून पडली आहे, भंगारवाला मागतो आहे. "काहून देऊन राहिली थो भंगारवाल्याले?" असं म्हणत काका पायात चपला घालून तयार. पक्कड आणि पॉलिशपेपर सोबत.

मे महिना होता. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर आलं. तिथे गाडी थांबली तेवढ्यात काकांनी चहावाल्याच्या भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ पाहिलं आणि उतरायला निघाले. मी सदरा धरून बसवलं. उरलेल्या वाटेत ते खुशीत होते. कांडी जाड निघाली तर चार बादल्या एकदम लावता येतील, मग मळ्यांतल्या सगळ्यांचे विळे पोळ्याच्या आत उजळून होतील, असा त्यांचा हिशेब चालला होता. आपण या माणसाला फसवून नेतो आहोत याचं मला मधूनच वाईट वाटत होतं.

वर्षाचं घर दुसऱ्या मजल्यावर. दार तिनेच उघडलं. आतून कढीगोळ्यांचा वास येत होता. तिने वाढायची तयारी करून ठेवली असणार.

"या नं बाबा. आत या, बसा."

काका उंबऱ्याबाहेर उभ्याउभ्या पाणी प्यायले. पेला परत दिला. "पिशवी कुठी हाय?"

तिने माझ्याकडे हताश होऊन पाहिलं. "गॅलरीत हाय."

गॅलरी दाराबाहेरूनच जात होती. काका तिच्या टोकाला गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मी डोकावलो. सेलांची पिशवी पायाशी तशीच होती, तिला त्यांनी हात लावला नव्हता. ते कठड्याकडे बघत होते. कठड्यावर तुळशीच्या कुंडीशेजारी स्टीलची एक ताटली होती, आणि त्या ताटलीत भर उन्हात टॉर्चचे दोन सेल.

"वर्षे," काकांचा आवाज बदलला होता, "हे कोनं ठेवले?"

"मीच. आजकाल लाइन जाऊन राहिली नं. टॉर्च मंद झाला तं म्हटलं दोन दिस चालतीन. आपल्या घरी नाही का ठेवत होतो?"

काका तिथेच फरशीवर बसले. फरशी चटका देत होती. मी उठा म्हणालो, त्यांनी ऐकलं नाही. वर्षा घाबरून त्यांच्याजवळ बसली. तिला वाटलं पुन्हा चक्कर आली. मग काका बोलायला लागले ते तिच्याकडे न बघता, त्या ताटलीकडे बघत.

"तुह्या मायनं म्हटलं होतं मले, सेल नवे आना. दोनदा म्हटलं. मी म्हटलं, उन्हात ठेव, दोन दिस चालतात. सीझन होता, मले बाजाराचीच पडली होती. उन्हात ठेवलेला सेल कसा असते माहीत हाय का तुले? पयले मस्त पेटते. घरून निघाली तवा अंगनभर उजेड होता, मी पाह्यला. धुऱ्यावर, बांधावर गेली आन टॉर्च बसला, अंधारातच पान लागलं."

वर्षाने त्यांच्या दंडावर हात ठेवला होता. तो तसाच राहिला.

"तुले मी सांगतलं होतं, टॉर्च तिच्या हातातून पडला म्हून. पडला नव्हता. धरूनच होती. इझला होता. आता तूच सांग, तुह्या घरी कसा जेवू मी? तू बाबा बाबा करत वाढशीन, आन मी काय करू? घास गयाखाली उतरन का?"

कूलर घरघरत होता. काकांनी खिशात हात घालून त्या दोन कांड्या काढल्या. पितळी टोप्या बोटांनी घासून घासून गुळगुळीत झाल्या होत्या.

"तेरवी झाल्यावर थे दोन सेल फोडले म्या. आत काय मेलं होतं थे पाहाचं होतं. कांड्या साबूत होत्या. दोन्हीबी."

इतकी वर्षं मी त्यांच्या खिशावर हसलो होतो. गच्चीवरून सेल उचलून पळणारा, तेरवीच्या पंगतीत टॉर्च तळहाताला लावून बघणारा, मळ्यामळ्यांतून कोरे सेल वाटत फिरणारा हा माणूस कांड्या गोळा करतोच आहे, पण कांड्यांसाठी फिरत नाही, हे आमच्या अख्ख्या गल्लीत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याचा तिथे कुणाला काही उपयोग नव्हता.

वर्षाने एकच प्रश्न विचारला. "आईले माहीत होतं का, सेल उन्हातले हायेत म्हून?"

"तिनंच उचलून टाकले टॉर्चात. मी सांगतलं म्हून."

वर्षाने हात काढून घेतला. भिंतीकडे तोंड केलं आणि रडली. मोठ्याने नाही, पण थांबेना. काका तिच्या पाठीकडे बघत होते, त्यांचा हात तिच्या पाठीपर्यंत जाई आणि मागे येई. मग ती उठली, ओढणीने तोंड पुसलं आणि आत निघून गेली. स्वयंपाकघरात भांडं वाजलं, ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं आता ती बाहेर येणार नाही. काकांनाही तेच वाटलं असावं, कारण ते भिंतीला धरून उठायला लागले होते. चपला कुठे आहेत ते पाहायला लागले होते.

वर्षा बाहेर आली. तिच्या हातात वर्तमानपत्र होतं आणि घरची पक्कड. तिने पेपर फरशीवर पसरला, कठड्यावरचे दोन्ही सेल उचलून त्यावर ठेवले. ते इतके तापले होते की तिला ओढणीत धरावे लागले.

"काढा," ती म्हणाली. "कशी काढता थे मले दाखवा."

काका खाली बसले. टोपण उचकलं, पत्रा कापला, भुकटी खरवडली. रोजचंच काम. पण कांडी धरली आणि त्यांनी ती फिरवलीच नाही. सरळ ओढली. मधोमध तुटली.

अर्धा तुकडा काकांनी उजेडात धरून पाहिला. "तुटली," ते म्हणाले. मग पुन्हा, "तुटली वं."

"दुसरा हाय नं बाबा," वर्षा म्हणाली. तिने दुसरा सेल आपल्या हातात घट्ट धरला. "मी धरते. तुमी फिरवा."

काकांनी फिरवली. थोडी या बाजूला, थोडी त्या बाजूला, आणि ती अख्खी बाहेर आली. त्यांनी ती वर्षाच्या तळहातावर ठेवली. तिचा तळहात काळा झाला. तिने तो पुसला नाही.

"हात धुवा आता," ती म्हणाली. "कढीगोळे थंडे होतात."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे बघितलं. ते उठले, उंबरा ओलांडून घरात गेले आणि मोरीवर हात पुढे करून उभे राहिले. ती काळी भुकटी साबणाने लवकर जात नाही, मला माहीत आहे. वर्षा तांब्याने त्यांच्या हातांवर पाणी घालत राहिली.